टेकडी वाचली

केकवरची साय हिरवी होती आणि ती टेकडी तर लाल, एवढंच आधी रोवीनाच्या मनात आलं. सकाळच्या चहाची वेळ. वारसास्थळांच्या खात्यातली सगळी माणसं बैठकीच्या लांब टेबलाभोवती जमलेली, खिडकीतून खाली पर्थची नदी उन्हात पसरलेली, आणि टेबलाच्या मधोमध एक टेकडी मांडून ठेवलेली. आतून स्पंजकेकची, वरून हिरव्या सायीची, पायथ्याशी चॉकलेटच्या चुऱ्याची माती आणि त्या मातीतून वळसा घालून जाणारा काळ्या चिकट गोळीच्या पट्टीचा रस्ता. खाण कंपनीचा ब्रेट एरवी खात्यात आला की फायली आपटून बोलायचा. आज तो हातात सुरी घेऊन लग्नघरातल्यासारखा हसत उभा होता. 'तुमच्या टेकडीसाठी अख्खा रस्ता वळवला आम्ही,' तो म्हणाला. 'कायद्यानं मागितलं त्याहून लांबून नेला. तुझ्या आंटी मर्टलना सांग, टेकडी वाचली म्हणावं.' टाळ्या वाजल्या. रोवीनाचा साहेब डेस्मंड हा भला माणूस. त्याचे तर डोळेही किंचित ओलावले होते. 'काप,' तो तिला म्हणाला, 'मान तुझा आहे.' वाचवलेली टेकडी कापून खायची, यात काही वावगं आहे असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलाही वाटलं नाही. तिनं सुरी घेतली आणि सहज समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पडद्यावर नकाशा लावला होता. टेकडीभोवती लाल वर्तुळ, आदिवासींची पवित्र जागा म्हणून झालेल्या नोंदीचं. जुन्या रस्त्याची तुटक रेघ त्या वर्तुळाला चाटून जाणारी. नवी रेघ निळी; वर्तुळाच्या अलीकडेच ती बाक घेऊन उगवतीकडे वळली होती आणि एका उतारावरून सरळ पुढे गेली होती. त्या उतारावर नकाशात काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे काहीच लिहिलेलं नसावं म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

सुरी सायीतून खाली गेली आणि तिच्या तळपायांना गार लागलं. पायांत मोजे होते, बूट होते, खाली खात्याचा करडा गालिचा होता, तरी तळपायांना दगडाचाच गारवा लागला, उन्हं यायच्या आधीचा. ती बारा वर्षांची होती तेव्हा मर्टल आत्यानं, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, तिला आणि चुलतबहीण लिनेटला त्या उतारावर नेलं होतं. जाताना दोघी उघड्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून एकमेकींना चिमटे काढत होत्या, आणि पुढे बसलेल्या बायका मागे वळून दटावत होत्या, आत्याच्या अंगाला ओल्या पानांच्या धुराचा वास येत होता. तिथे काय आहे ते इथे लिहायचं नाही. लिहिता येत नाही असं नव्हे, लिहायचं नाही. परत येताना बायकांनी त्यांना पुढे, आपल्या मध्ये बसवून घेतलं होतं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. पुढे रोवीना पर्थला शिकायला आली, वसतिगृहात राहिली, नोकरीला लागली, तिनं लग्न केलं आणि मोडलंही, पण आपण कोण असा प्रश्न तिला कधी पडला नाही, कारण त्याचं उत्तर त्या दगडांवर एकदा मिळालेलं होतं आणि ते पुन्हा विचारायची गरज नव्हती. येत्या हिवाळ्यात तिच्या मुलीला, टालियाला न्यायचं ठरलं होतं. टालियाला चिंता एकच, तिथे फोनला रेंज येते की नाही. 'नाही येत,' असं रोवीना म्हणाली तेव्हा पोरीनं असा चेहरा केला होता की जणू आई तिला तुरुंगात घालते आहे. आणि आता या खोलीत कुणीतरी तिच्या हातात कागदाची बशी दिली, बशीत टेकडीचा एक तुकडा, आणि ती खात होती. गोड होता. गिळला जात होता, हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

टेकडी कशी नोंदली गेली हे त्या खोलीत एकट्या रोवीनाला ठाऊक होतं. तेव्हा ती खात्यात नवी होती, आणि त्या मुलखातली भाषा येणारी म्हणून तिला पाहणीवर पाठवलं होतं. बायकांची जागा, तेव्हा पाहणीला बाईच यायची होती, तसं ठरलंही होतं. पण ती बाई आयत्या वेळी आजारी पडली आणि तिच्या जागी एक प्राध्यापक आला, लांबलचक, सौम्य, घामाघूम. हेलिकॉप्टर भाड्यानं घेतलेलं, माणसं कुठून कुठून आलेली. आता नको म्हणायचं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान आणि सगळ्या घराण्याला शरम. परक्याला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्यात कुणाला जमतच नाही. हो म्हणायचं आणि मग आपलं आपण काय करायचं ते करायचं, अशी रीत. आत्या चढून बसली. कानांवर हेडफोनच्या मोठ्या काळ्या वाट्या, त्यांखालून पांढरे केस बाहेर आलेले, आणि शेजारी च्युइंगम चघळणारा वैमानिक पोरगा. बारन्डी गाव मागे पडलं, कोरडा नाला गेला, झुडपं गेली. मग तो उतार खाली आला, पांढऱ्या खोडांची झाडं, त्यांमधले दगड. प्राध्यापकानं विचारलं, 'आंटी, कुठे?' आत्यानं खाली पाहिलं. नीट पाहिलं, जशी माणसं झोपलेल्या पोराकडे पाहतात. मग हनुवटी उचलली आणि ओठ पुढे काढून मावळतीकडे दाखवलं. त्यांच्यात बोट दाखवत नाहीत, ओठ दाखवतात. 'ती टेकडी?' 'हं,' आत्या म्हणाली. रोवीना मागे मांडीवर नकाशा घेऊन बसली होती. तिनं ते ओठ पाहिले. आत्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही, पाहायची गरजही नव्हती. भाचीनं टेकडीभोवती वर्तुळ काढलं.

त्या टेकडीचं माहात्म्य एवढंच की तिच्यावर एका काकाची गाडी अडकली होती. पैज लावून चढवायला गेले आणि मधेच दोन धोंड्यांत चाक बसलं, ती गाडी गंजून गंजून अजून तिथे आहे. बाकी वर रानशेळ्या आणि वारा. हेलिकॉप्टर उतरलं, प्राध्यापकानं दोन्ही हातांनी आत्याचा हात धरून आभार मानले, तो गेला, आणि मग अंगणात जाळावर कांगारूचं शेपूट भाजता भाजता आत्या जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. 'काय मन लावून बघत होता गं तो शेळ्यांकडे!' सगळ्या बायका हसल्या, रोवीनाही हसली. परका माणूस दाराशी आला की त्याला दुसऱ्या घराचं दार दाखवावं, तसं केलं होतं. खरी जागा कागदावर गेली नाही, म्हणजे कुणाच्या तोंडी गेली नाही, कुणी सुटीत तंबू ठोकायला येणार नाही, कुणी फोटो काढणार नाही. आणि टेकडी राखली म्हणजे तो सगळाच भाग आपोआप राखला जाईल, असा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. कागदावर नसलेली जागा गोऱ्या माणसाच्या लेखी मोकळी असते, आणि मोकळी जागा त्याला कधी बघवत नाही, एवढंच त्यात धरायचं राहून गेलं.

दुपारी ती जिन्यात गेली, आग लागली तर उतरायचा जो उघडा सिमेंटचा जिना असतो त्यात, आणि तिथून तिनं लिनेटच्या फोनवर फोन लावला. आत्या लिनेटकडेच राहायची. पलीकडे टीव्ही चालू होता, कुत्रं भुंकत होतं. 'आत्या, तुझी टेकडी वाचली.' 'कुठली गं?' 'ती. गाडीवाली.' काका जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. आत्या खदखदून हसली. 'अगं बाई! शेळ्यांनी अर्ज केला होता की काय?' 'केक आणला होता टेकडीचा.' 'खाल्लास?' 'खाल्ला.' 'मग मला कशाला सांगतेस, जळवायला?' 'आत्या, रस्ता वळवलाय त्यांनी.' 'कुठून?' तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कुणीतरी सिगारेट ओढायला जिन्यात आला, तिच्याकडे बघून हसला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. तो काही ऐकत नव्हता, ऐकलं असतं तरी त्याला कळलं नसतं. तरी पुरुष होता. 'उगवतीकडून,' रोवीना म्हणाली. आत्याचं हसू थांबलं. 'किती उगवतीकडून?' 'टालियाला जिथे न्यायचंय तिथून.' पलीकडे टीव्हीत कुणीतरी काहीतरी जिंकत होतं. आत्यानं लिनेटला टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, 'आता सांगावं लागणार.' 'मी सांगते, आत्या. इथे बाई अधिकारी आहे एक, बंद पाकिटात...' 'पाकीट उघडायलाच असतं बाळ. यंत्र चालवणाऱ्या पोराला कुठे जायचं नाही ते सांगावंच लागेल की नाही? मग तो त्याच्या मित्राला सांगेल. आणि तू सांगितलंस तर ते तुला बाधेल. तुझी पोर लहान आहे.' त्या जागेचं गुपित फोडणारीला ते बाधतं, हे दोघींना ठाऊक होतं. 'मी म्हातारी,' आत्या म्हणाली, 'माझं काय वाईट व्हायचंय आता. मी येते. लिनेट घेऊन येईल.' सिगारेटवाला निघून गेला होता. रोवीना तिथेच पायरीवर बसली, आणि खालच्या गल्लीतला रिकाम्या बाटल्यांचा आवाज येत राहिला.

आत्याच्या म्हणण्यावर समितीपुढे सुनावणी मिळायला दिवस लागले. त्या दिवसांत शहरातल्या साध्या गोष्टी तिला खुपायला लागल्या. सिग्नलला थांबलं की पायाखालचा डांबराचा पट्टा कुठवर गेला आहे याचा विचार यायचा, आणि तो थेट त्या उतारापर्यंत गेला आहे, मधे कुठेही तुटलेला नाही, असं वाटून हिरवा दिवा लागला तरी पाऊल उचलायचं नाही. दुकानात भाजी निवडता निवडता हात थांबायचा. घरी टालिया सोफ्यावर आडवी पडून पाय भिंतीला लावायची आणि तिचे तळवे दिसायचे, गुळगुळीत, कधी अनवाणी न चाललेले, आणि रोवीना उगाच तिच्यावर ओरडायची. 'आई, तू आजकाल फार कटकट करतेस,' पोरगी म्हणाली, 'आजीकडे पाठवून दे मला एकदाची.' आजी म्हणजे आत्याच. कचेरीत काम तर होतंच. तिच्या कपाटात दुसऱ्या घराण्यांच्या जागा होत्या, तिनं गावोगाव जाऊन, माणसांच्या चुलीशी बसून, त्यांचा विश्वास मिळवून नोंदवलेल्या. किनाऱ्याकडची शिंपल्यांची टेकाडं, एका म्हाताऱ्याच्या बापजाद्यांची पुरलेली हाडं, कुठली गुहा, कुठला मासे धरायचा दगडी बांध. त्या सगळ्यांवर कुणा ना कुणाचा डोळा होता. त्या माणसांनी पाहिलं होतं की ही आपल्यातलीच आहे, म्हणून सांगितलं होतं. खात्यातल्या गोऱ्यांनी पाहिलं होतं की ही शिकलेली आहे, म्हणून लिहिलेलं मान्य केलं होतं. दोन्हीकडचा भरवसा एकाच माणसावर टांगलेला, आणि ते माणूस रात्री उशी पालथी करून पुन्हा सुलटी करत होतं.

सुनावणीच्या सकाळी डेस्मंडनं तिला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. आवाज खाली आणून बोलला. 'कंपनीची वकील हुशार आहे. ती आंटींना सोडेल, म्हातारी बाई म्हणून. तुला धरेल. त्या दिवशी तू तिथे होतीस, सही तुझी आहे.' 'माहीत आहे.' 'तू जर म्हणालीस की तुला खरी जागा ठाऊक होती आणि तरी तू टेकडी लिहिलीस, तर तुझी नोकरी जाईल, पण तेही सोड. तू लिहिलेली प्रत्येक जागा उद्या पुन्हा टेबलावर येईल. एकूण एक. बाहेर रांग लागलीय खाणवाल्यांची, त्यांना एवढंच हवंय.' तो कपात पाणी भरत होता आणि कप भरून वाहायला लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं. 'मी तुला काय बोल ते सांगत नाही,' तो म्हणाला. 'नाही,' रोवीना म्हणाली, 'ते तू कधीच सांगत नाहीस.' तिला लगेच वाईट वाटलं. त्याचं काही चुकत नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं, जो तो आपापल्या जागी भला होता, आणि सगळ्या भल्या माणसांनी मिळून तो रस्ता तिथवर आणून ठेवला होता.

आत्या आली ती चर्चला जायची निळी टोपी घालून. लिनेटला तिनं खालीच थांबवलं. लिनेटही साक्ष देऊ शकली असती, रोवीनाबरोबरच गेलेली, पण आत्या म्हणाली, 'एक तरी तोंड बंद राहू दे.' बैठकीच्या खोलीत समितीचे तीन पुरुष, डेस्मंड, ब्रेट, कंपनीची वकील आणि टिपणं घेणारी मुलगी. आत्या खुर्चीवर टेकली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'पुरुषांनी बाहेर जायचं.' समितीच्या अध्यक्षानं फार अदबीनं सांगितलं की तसं झालं तर सुनावणीच होणार नाही, नियम आहे. आत्यानं थोडा विचार केला. 'मग खुर्च्या फिरवा. भिंतीकडे तोंड.' 'आंटी...' 'अरे बाबा, मी इतक्या लांबून आले, तुला खुर्ची फिरवायला काय होतंय?' आणि खरोखरच, कुरकुर आवाज करत त्या पाच खुर्च्या फिरल्या. सूट घातलेले पाच पुरुष भिंतीकडे तोंड करून बसले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. 'कान मागे पण असतात म्हणा,' आत्या पुटपुटली, 'पण काय करता.' टिपणं घेणाऱ्या मुलीला हसू आलं. रोवीनाला आलं नाही. आत्याचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते, हे एकट्या तिला दिसत होतं.

मग आत्यानं सांगितलं. नकाशावर बोट ठेवून सांगितलं, ओठांनी नाही. चुकीला आता जागा ठेवायची नव्हती. 'इथे आमच्या मुली बायका होतात. माझी आजी झाली, मी झाले. एवढंच. पुढचं विचारू नका, मी सांगणार नाही, आणि एवढं सांगितलं त्याचंही मला घरी जाऊन काय होईल ते होईल.' डेस्मंडची मान मागून लाल झाली होती. ब्रेट आपल्या नखांकडे बघत असावा. रोवीनाला वाटलं की खोलीतली हवाच कमी झाली आहे. इतकी वर्षं एका ठिकाणी सांभाळलेली गोष्ट बाहेर निघाली होती आणि टेबलावर, पाण्याच्या ग्लासांमध्ये पडली होती, आणि ती मुलगी ती भराभर टाइप करत होती. वकील तरुण होती, तिचा आवाज गोड होता. 'आंटी मर्टल, हे तुम्ही पाहणीच्या वेळी का नाही सांगितलं?' 'तेव्हा तो लांब माणूस होता. आणि ते उडतं चालवणारा पोरगा.' 'म्हणून तुम्ही टेकडी दाखवलीत. टेकडी पवित्र आहे?' 'टेकडीवर शेळ्या आहेत.' 'म्हणजे तुम्ही खात्याला खोटं सांगितलंत.' 'खोटं नाही गं,' आत्या समजावणीच्या सुरात म्हणाली, 'दुसरीकडे बघायला सांगितलं.' वकिलीणीनं नकाशाकडे पाहिलं. 'तुम्ही बघाल तर असं दिसतं, आंटी, की रस्ता जिकडे जातो तिकडे तुमची जागा जाते. आधी टेकडीपाशी होता तेव्हा टेकडी. आता उतारावर आला तेव्हा उतार. उद्या आणखी वळवला तर?' आत्याला तो प्रश्न कळला नाही असं नाही. कळला, आणि तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर असं काही रोवीनानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं: बाजारात उगाच चोर म्हणून धरलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

'तुम्ही,' वकील तिच्याकडे वळली. 'तुम्ही त्याच घराण्यातल्या. पाहणीच्या वेळी हजर. नोंद तुमच्या हातची. ही जी जागा आज सांगितली जातेय, ती तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होती?' पाच पाठी भिंतीकडे होत्या, पण त्या पाठी ऐकत होत्या. हो म्हणायचं, एवढंच करायचं होतं. हो म्हटलं की आत्या खोटी ठरत नाही, दोघी मिळून खऱ्या ठरतात, निदान दोन बायका एक गोष्ट सांगतात. आणि मग उद्या सकाळी कपाट उघडलं जातं, शिंपल्यांची टेकाडं बाहेर येतात, म्हाताऱ्याच्या बापजाद्यांची हाडं बाहेर येतात, या बाईनं जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं, हिचं काय धरायचं. तो म्हातारा तिला म्हणाला होता, पोरी, तुझ्याकडे दिलं म्हणजे माझ्या घरात ठेवल्यासारखंच. ती आकडेमोड करत नव्हती, तिला नुसते चेहरे दिसत होते, एका पाठोपाठ एक, आणि त्या सगळ्यांच्या मागे तो पहाटेचा गार दगड, आणि दगडावर तिचे स्वतःचे पाय. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, कचेरीतला, स्वच्छ, ज्या आवाजात ती टेलिफोनवर बोलायची. 'नाही,' ती म्हणाली. 'त्यांनी टेकडी दाखवली, मी टेकडी लिहिली. ही दुसरी जागा मला ठाऊक नाही.' आणि थांबायला हवं होतं तिथे ती थांबली नाही. 'मी तिथे कधी गेलेली नाही.'

हे कुणी विचारलंही नव्हतं. वकिलीणबाईंनी सावकाश मान हलवली आणि त्या आत्याकडे वळल्या. 'आंटी, भाची म्हणते तिला कधी नेलंच नाही. तुमच्या घराण्यातल्या सगळ्या मुलींना नेतात म्हणालात ना?' रोवीना टेबलाच्या लाकडाकडे बघत होती, तरी आत्या आपल्याकडे बघते आहे हे तिला कळत होतं. ते बघणं फार लांबलं. रागाचं असतं तर तिनं मान वर केली असती. मग आत्याचा आवाज आला, थकलेला, पण ठाम. 'बरोबर बोलते ती. हिला नेलं नव्हतं. शहरात शिकायला होती ही. पोर खोटं बोलत नाही.' टाइप करण्याचा आवाज झाला. आत्यानं ते म्हटलं, साक्षीदारांसमोर म्हटलं, आणि आत्याचं म्हणणं म्हणजे त्या बाबतीतला शेवटचा शब्द. नेलं असं तिनं म्हटलं तरच नेलेलं असतं. तिनं भाचीला वाचवलं होतं. नोकरी वाचली होती, कपाटातल्या जागा वाचल्या होत्या, आणि टेकडी तर आधीच वाचलेली होती. पुरुषांच्या खुर्च्या पुन्हा कुरकुरत फिरल्या. अध्यक्षांनी खेद व्यक्त केला, दोन परस्परविरोधी विधानं आणि दुजोरा नाही, तेव्हा नवी नोंद करता येत नाही. टेकडीचं संरक्षण कायम राहील आणि रस्त्याचं काम ठरल्याप्रमाणे होईल. ब्रेटनं यावेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

खाली दरवाजापाशी लिनेट आत्याला घ्यायला पुढे आली होती. काचेतून रस्त्याचा झगझगाट आत येत होता. रोवीना जिन्यानं उतरली होती म्हणून तिला थोडा उशीर झाला. ती पोचली तेव्हा त्या दोघी आपल्या भाषेत हलक्या आवाजात बोलत होत्या, आत्या लिनेटच्या दंडाला धरून, डोक्याला डोकं लावून. बोलणं कशाबद्दल आहे ते रोवीनाला पहिल्याच शब्दाला कळलं. तो उतार जायच्या आत तिथे जाऊन काय काय करावं लागेल याबद्दल होतं, कुणाकुणाला बोलवायचं, काय न्यायचं. ती दोघींजवळ जाऊन उभी राहिली, लहानपणापासून राहायची तशी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. बोलणं थांबलं. लिनेटनं नजर फिरवली. आत्यानं मात्र तिच्याकडे पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला. आठ वर्षांची असताना ती बायकांच्या जाळाजवळ आली की जसा फिरवायची तसा. 'तू जरा तिकडे उभी राहा हं, बाळ,' आत्या म्हणाली. 'बायका बोलतायत.'

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, चूक दाखवणंही नव्हतं. जिला नेलेलं नाही तिच्याशी जसं बोलायचं तसंच ती बोलली होती. लिफ्टपाशी डेस्मंड, ब्रेट आणि समितीचे पुरुष जेवायला कुठे जायचं ते ठरवत उभे होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. ब्रेटनं थोडं सरकून तिला जागा करून दिली.